अकरा मिनिटं कुणाच्या नावावर

गाडीला झालेला उशीर कुणाच्या तरी नावावर टाकावाच लागतो. ही रेल्वेची रीत आहे, मी काढलेली नाही. गाडी सात मिनिटं लेट झाली, तर ती सात मिनिटं इंजिनवाल्याची, सिग्नलवाल्याची का स्टेशनमास्तरची, हे ठरल्याबिगर कागद पुढं सरकत नाही. अन् आपल्या नावावर घ्यायला कुणी राजी नसतो. पूर्णा जंक्शनवर मी जन्म काढला, पण माणसं एवढी तावातावानं दुसऱ्या कशावरून भांडलेली मला आठवत नाही.

मी दिनकरराव. बत्तीस वर्षं गार्ड होतो, आधी मालगाडीवर, मग पॅसेंजरवर, अन् माझ्या नावावर एक मिनिट चढलं नाही, हे घरात रोज सांगायचो. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी खोड जात नाही. आमच्या मंडळींनी, म्हणजे शिवकन्येनं, चहा उशिरा आणला की मी घड्याळ बघून विचारतो, "हा उशीर कुणाच्या नावावर टाकू?" ती म्हणते, "तुमच्या मायच्या. तिनं तुमाला जन्माला घातलं." असं आमचं चालतं.

आमची एकुलती एक लेक अर्पिता ह्याच घरात वाढली, तिच्या कानावर दुसरं काय पडणार? इंजिनिअर झाली अन् एका मोठ्या शहरात हलक्या रेल्वेत लागली. शहराचं नाव सांगत नाही, पोरीची नोकरी आहे अन् माझी जीभ मला आवरत नाही. हलकी रेल्वे म्हणजे तीन डब्यांची गाडी, रस्त्याच्या कडेकडेनं जाणारी. चौदा किलोमीटर, सोळा स्टेशनं, सगळ्या मिळून आठ गाड्या. पहिल्यांदा तिनं फोटो दाखवला तेव्हा मी म्हणलं, "एवढी गाडी तर आमी यार्डात हातानं ढकलत नेली असती." पोरगी दोन दिवस बोलली नाही. कोणती गाडी कधी सुटायची अन् कोणत्या गाडीवर कोण ड्रायवर, हा सगळा तक्ता तिथं तीच बनवते.

मार्गशीर्षात ती चार-पाच दिवस घरी आली. गुरुवारी उतरली अन् पिशवी ठेवायच्या आधी लॅपटॉप उघडला. शिवकन्या म्हणली, "आगं आधी हातपाय तरी धू." ती कुठली धुतीय! सोमवारी सकाळी तिला साहेबांपुढं रिपोर्ट ठेवायचा होता. त्यांचा हुकूम असा, की सध्या दर दहा मिनिटांनी येणारी गाडी आठ मिनिटांनी आली पाहिजे, अन् नवीन गाडी एकही मिळणार नाही.

"मग जोरात पळवा," मी म्हणलं.

"अप्पा, रस्त्यातून जायची गाडी हाय. किती पळवणार? चौकात सिग्नल हायेत, शाळा हायेत. जेवढं वाचवायचं तेवढं वाचवलं. आता वेळ चाललाय दोन टोकांना. शेवटच्या स्टेशनवर गाडी अकरा-अकरा मिनिटं उभी राहायली. ती तीन मिनिटांत माघारी फिरली की सगळं जमतं."

अकरा मिनिटं ऐकून माझं डोकंच फिरलं. आमच्या पूर्णेला अकोल्याकडून गाडी आली की इंजिन सोडून, फिरवून दुसऱ्या टोकाला जोडायचं, तेवढं एक खरं वेळखाऊ काम. हिच्या गाडीला तर दोन्हीकडून तोंड! ड्रायवरनं इकडची केबिन बंद करायची, चालत तिकडं जायचं अन् निघायचं. गाडी तीन मिनिटांत तयार असते, असं अर्पिताच म्हणली. मग उरलेली आठ कुठं जातात? ड्रायवर उतरतो, प्लॅटफॉर्मच्या गर्दीतून जातो, पाणी पितो, मोकळा होऊन येतो, मग चढतो. तोपर्यंत गाडी आपली उभी.

मी तिच्या मागं जाऊन स्क्रीनवर बघितलं. रिपोर्टात शेवटचा रकाना होता, "उशिराला जबाबदार." त्यात तिनं लिहिलं होतं, "विविध कारणं."

"हे विविध कारणं कोण हाय?" मी विचारलं. "त्याला बोलावून जाब विचारता येतो का? त्याचा पगार कापता येतो का? आगं तू गार्डाची लेक! नाव टाक. नाव टाकल्याबिगर कोणतंच हापिस हलत न्हाई."

"अप्पा, सगळ्यांनाच लागायलेत अकरा."

"सगळ्यांना सारखे लागत नसतेत. काढ बरं, कुणाला सगळ्यात जास्त लागतो वेळ?"

तिनं काढलं. तिथं ड्रायवरची नावं नव्हती, नंबर होते. अकराशे सत्तेचाळीस नंबरच्या माणसाला सरासरी चौदा मिनिटं लागत होती. कधी कधी सोळासुद्धा. त्याच्यामुळं मागची गाडी अडायची, तिच्यामुळं तिच्या मागची.

"घावला की नाही!" मी मांडीवर थाप मारली. "टाक त्याचा नंबर."

"अप्पा, अकराशेच्या पुढचे सगळे नवीन हायेत. प्रोबेशनवर. पुढच्या महिन्यात पक्के व्हायचेत. हा नंबर रिपोर्टात गेला तर त्या माणसाची नोकरी जाईल."

"जाऊ दे की. गाडी वेळेवर पाहिजे का नको?"

तिनं नंबर टाकला. मला लय बरं वाटलं. पोरीला आपलं शिकवलेलं कामाला आलं म्हणून त्या दिवशी मी एक भाकर जास्तीची खाल्ली. हे सांगायला आज लाज वाटते, पण खाल्ली हे खरं आहे.

शुक्रवारी सकाळी धम्मशीला आली. ही आमच्या रेल्वे कॉलनीतली पोरगी. तिचे वडील आमच्याच सेक्शनला रुळाच्या कामावर गँगमन होते, चार वर्षांखाली वारले. पोरगी हुशार, जिद्दीची. अर्पितानं तिला त्या शहरातल्या भरतीची खबर दिली, अन् परीक्षेच्या आधी दोन महिने तिनं आमच्याच ओसरीत बसून माझ्याकडून सिग्नलचे नियम पाठ केले. नियम चुकला की मी तिच्यावर खेकसायचो, ती हसून परत म्हणायची. पास झाली अन् ड्रायवर झाली. आमच्या कॉलनीतून गाडी चालवणारी ती पहिली बाई. चांगुणाबाई, तिची आई, अख्ख्या पूर्णेला पेढे वाटत फिरली होती. अर्पिताची अन् तिची एकाच रेल्वेत नोकरी, पण एक हापिसात अन् एक गाडीवर, त्यामुळं तिथं भेट क्वचितच व्हायची.

"काका, आईला भेटायला दोन दिस आले होते. म्हणलं तुमाला भेटल्याबिगर कसं जावं?" पाया पडली. तब्येतीनं मात्र उतरलेली दिसली.

शिवकन्येनं रीतीप्रमाणं आधी पाणी दिलं. तिनं पेला उचलला, ओठाला लावला अन् खाली ठेवला. मग चहा विचारला. "नको काकू."

"आगं घोटभर तरी घे."

"नको काकू, खरंच. ड्यूटी लागल्यापासून सवयच मोडली."

बाकी कुणाच्या ध्यानात आलं नसतं. मी पेल्याकडं बघितलं. पाणी जेवढं होतं तेवढंच होतं. मला हे ओळखू येणारच. मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे शेवटच्या डब्यात, आम्हा गार्डांना संडास नसायचा. दहा-दहा, बारा-बारा तास एकट्यानं त्या डब्यात. गाडी कुठं थांबेल ह्याचा भरवसा नाही अन् थांबली तर किती वेळ, तेही ठाऊक नाही. म्हणून ड्यूटीच्या दिवशी मी पाणी प्यायचोच नाही. चार लोकांत गेलो अन् कुणी पाणी दिलं तर असाच पेला ओठाला लावून खाली ठेवायचो. पन्नाशीत मुतखडा झाला तेव्हा डॉक्टरांनी शिव्या घातल्या.

परक्याच्या तरण्या लेकीला हे विचारायचं कसं? पण मला राहवलं नाही. म्हणलं, "शीला, तिथं शेवटच्या स्टेशनवर बाथरूमची सोय कशी हाय?"

ती खाली बघायली. मग शिवकन्येकडं बघून बोलली. "ते स्टेशन उंचावर हाय. पुरुषांचं वरच, प्लॅटफॉर्मवर. बायांचं खाली, जिन्याच्या मागं. त्याला कुलूप असतं. चावी तिकीट खिडकीवर. तिथला माणूस कधी जागेवर असतो, कधी नसतो. चावी घ्या, खाली जा, परत चावी द्या, परत वर या. तवर गाडी उभी. वरून लोक खिडकीतून बघायलेत, घड्याळ दाखवायलेत. म्हणून मी पाणीच पीत न्हाई. दिवसातून एकदाच जाते." हसली. "दोनदा इन्फेक्शन झालं. डॉक्टरीण म्हणती पाणी प्या. तिला काय जातं म्हणायला!"

"मग वर सांगितलं का न्हाई कुणाला?" अर्पितानं विचारलं. ती लॅपटॉप मांडीवर घेऊन दारात बसली होती.

"पक्की झाल्यावर सांगीन, ताई. आता सांगितलं तर म्हणतील, ह्या बाया घ्यायच्याच कशाला? आमी सगळ्या मिळून सहाच हाव. एक महिना राहिलाय. आईला म्हणलंय, पक्की झाले की तिकडं खोली घेऊ अन् तुला घेऊन जाते. तिला आता हितं एकटीला होत न्हाई."

अर्पितानं स्क्रीनकडं बघत विचारलं. "तुझा नंबर काय गं?"

"अकराशे सत्तेचाळीस. कामून?"

"काही न्हाई," अर्पिता म्हणली अन् लॅपटॉप मिटला.

धम्मशीला निघून गेली. मी म्हणलं, "काढून टाक तो नंबर."

तशी ती उसळली. "तुमीच म्हणालात ना नाव टाक! जाऊ दे म्हणालात नोकरी! आता ओळखीची निघाली तर काढून टाक? अन् अनोळखी असती तर?"

"तोंड सांभाळून बोल," मी ओरडलो. खरं बोललेलं फार लागतं.

"काढला तरी काय होणार? आकडे साहेबांकडं पण हायेत. ते विचारणार, चौदा मिनिटं कुणाला लागली? त्यांना दोन मिनिटांत सापडंल ती. तीन मिनिटांचा रस्ता दाखवला न्हाई तर अकरा मिनिटं कुणाच्या तरी बोकांडी बसणारच. तिला घालवतील, मग तिच्या पुढच्याला."

ती आत गेली अन् दार लोटून घेतलं. मी तसाच ओसरीवर. जेवायला बोलावलं, गेलो नाही. दुपारी कधीतरी अर्पिता स्वतःच बाहेर येऊन पायरीवर बसली. तेव्हा मी तिला सितारामचं सांगितलं. बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. ती आतून ऐकत होती हे मला माहीत होतं.

सिताराम पॉइंट्समन होता, म्हणजे रुळाचे सांधे बदलणारा अन् बावटी दाखवणारा, पूर्णा-परभणीच्या मधल्या एका लहान स्टेशनावर. एकदा माझी मालगाडी तिथं लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, थांबली. माझं पोट बिघडलेलं, आठ तासांपासून दाबून धरलेलं. उतरलो अन् रुळापलीकडं बाभळीत गेलो. तेवढ्यात पुढं जायला लाईन मोकळी मिळाली. सिताराम हिरवी बावटी धरून उभा, इंजिनवाला शिट्ट्या मारतोय, अन् गार्डाचा पत्ता नाही. अकरा-बारा मिनिटं गेली. माझ्यामागं एक एक्सप्रेस अडली. एक्सप्रेस अडली की जाब द्यावाच लागतो. मी काय लिहू? गार्ड बाभळीत बसला होता, असं लिहू? मी लिहिलं, पॉइंट्समननं बावटी उशिरा दाखवली. इंजिनवालाही माझ्या बाजूनं बोलला, दोस्त होता. सितारामची वेतनवाढ थांबली अन् बदली झाली पार कर्नाटकाच्या हद्दीला. त्याची बायको बाळंतपणाला आलेली. तीन वर्षं माणूस घराबाहेर राहिला.

"अन् तो काय म्हणला तुमाला?" अर्पितानं विचारलं.

"काहीच न्हाई. अजून रस्त्यात भेटला की म्हणतो, राम राम गार्डसाहेब. मी त्याच्या डोळ्याकडं बघत न्हाई."

"अप्पा, मला वाटायचं तुमच्या नावावर एक मिनिट न्हाई म्हणजे तुमची चूकच कधी झाली न्हाई," ती म्हणली. मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

शनिवारी आम्हाला मानवतला जायचं होतं. शिवकन्येचा भाऊ गोपाळ तिथं शेती करतो, भाचीला हुरडा खायला बोलावलं होतं. अर्पिताचं मन नव्हतं, पण मायनं ढकलून काढलं. सकाळच्या पॅसेंजरनं मानवत रोडला उतरलो, तिथून रिक्षानं गावात. गोपाळचा फोन आला, "दाजी, मी जिनिंगवर हाय. तिकडंच या, बरोबर जाऊ शेतात."

जिनिंगच्या बाहेर कापसाच्या ट्रॉल्यांची रांग. सगळीकडं कापूस उडायलेला, कपड्याला चिकटायलेला. गोपाळ लिंबाखाली ऐसपैस बसून भाकर खायलेला दिसला. आम्हाला बघून उठला, अर्पिताच्या डोक्यावर हात ठेवला. तेवढ्यात त्याच्याच शेजाऱ्याचा, सूर्यभानचा ट्रॅक्टर भरली ट्रॉली घेऊन आत आला. सूर्यभान उतरला. गोपाळनं हात पुसले, आम्हाला म्हणला, "बसा, ह्याला रिकामा करून वाटंला लावतो," अन् ट्रॅक्टरवर चढून बसला. सूर्यभान येऊन गोपाळच्या जागी बसला अन् आपलं फडकं सोडायला लागला.

अर्पिता बघायली. "मामा तर तुमच्या ट्रॅक्टरवर चढले."

"हाव की," सूर्यभान म्हणला. "आमचा वारंगुळा हाय, पोरी. एकमेकाला हातभार. तिघांचे तीन ट्रॅक्टर अन् आमी चौघं जण. ट्रॅक्टर आला की आलेला माणूस उतरतो, बसलेला माणूस चढतो. मला आता मागचा ट्रॅक्टर येईस्तोवर निवांत. भाकर खाईन, तंबाखू खाईन. मग तो येईल, त्याच्यावर मी जाईन."

"अन् तुमचा स्वतःचा ट्रॅक्टर?"

"तो कुठं पळून जायलाय? कापूस वेचणीला आला की दिवस थोडे असतेत. ट्रॅक्टर फिरत राहिला पायजे अन् माणसाला बूड टेकवायला मिळालं पायजे. दोघंबी एकाच वक्ताला कामून थांबावं?"

अर्पितानं माझा दंड एवढ्या जोरात धरला की मला दुखलं. "अप्पा!" एवढंच म्हणली. मग तिथंच सरकीच्या पोत्यावर बसली, पर्समधून वही काढली अन् लिहायला लागली. गोपाळ ट्रॅक्टर रिकामा करून, तो घेऊन शेताकडं निघायच्या बेतात होता. म्हणला, "दाजी, पोरीला काय झालं? ऊन लागलं का?"

"न्हाई रे. तिची गाडी सुटायली," मी म्हणलं. त्याला काही कळलं नाही.

शेतात हुरडा झाला, पण तिचं ध्यान त्यात नव्हतं. परतीच्या गाडीत तिनं मला समजावून सांगितलं. शेवटच्या स्टेशनवर एक ड्रायवर आधीच येऊन थांबलेला असणार, गाडीचं दुसरं टोक जिथं येतं तिथं. गाडी आली की तो तिकडून चढणार अन् तीन मिनिटांत गाडी घेऊन माघारी. जो घेऊन आला तो उतरणार, सावकाश चालत जाणार, अन् आठ मिनिटांनी मागची गाडी येईल ती घेणार. ती तीन मिनिटं थांबणार. "म्हणजे माणसाला अकराच्या अकरा मिनिटं मिळतेत, अन् गाडी तीन मिनिटांत जाती. दोन टोकांना दोन ड्रायवर जास्त लागतील. नवीन गाडी एकही न्हाई."

मी बोटांवर मोजून बघितलं. बरोबर होतं. तरी गार्डाचा हेका जाईना. "पण एकाची गाडी दुसऱ्याला द्यायची? आमच्यात माझी गाडी म्हणजे माझी गाडी."

"तेच तर," ती म्हणली. तिचा चेहरा पडला. "तेच मी तक्त्यात लिहिलं. ज्यानं गाडी आणली त्यानंच न्यायची. दोन वर्षांखाली पहिला तक्ता केला तेव्हा मला दुसरं काही सुचलंच न्हाई. लहानपणापासून घरात तेच ऐकलं. त्या अकरा मिनिटांत ड्रायवरची चूक कुठंच न्हाई, अप्पा. ती माझ्या तक्त्यातून आली."

पूर्णा येईपर्यंत ती वहीत आकडे मांडत राहिली.

रविवारी दिवसभर बसून तिनं रिपोर्ट नव्यानं लिहिला. गाड्यांचा आराखडा, ड्रायवरच्या पाळ्या, सगळं. बायकांच्या बाथरूमचं वेगळं पान केलं, कुलूप काढा अन् वरच्या प्लॅटफॉर्मवर सोय करा म्हणून. संध्याकाळी चारच्या सुमाराला तिनं मला बोलावलं. शेवटचा रकाना उघडा होता, "उशिराला जबाबदार." त्यात लिहिलं होतं, "वेळापत्रक नियोजन," अन् पुढं तिचं स्वतःचं पूर्ण नाव.

पुढच्या चैत्रात तिची बढती होती, आम्ही सगळ्या नातेवाइकांना सांगून बसलो होतो.

"आगं, नाव कशाला घालायलीस?" मी म्हणलं. "नवीन रस्ता काढून दिलास ना? शाबासकी घे. नावाच्या जागी लिही... जुनी पद्धत. विविध कारणं लिही!"

ती हसली. चिडून नाही, खरंच हसली. "अप्पा, विविध कारणं लिहिलं तर ते नंबर बघणार. आकड्यात सगळ्यात वर धम्मशीला हाय. पहिली तीच जाणार, मग बाकीचं बघू म्हणतील. एकदा दुसरं नाव पडलं की तिच्याकडं कुणी बघणार न्हाई."

"तुझ्या साहेबाला मी ओळखत न्हाई, पण साहेब सगळे सारखेच असतेत. तुला सोडणार न्हाईत."

"न सोडू देत."

दारात शिवकन्या उभी होती. मला वाटलं ती तरी पोरीला अडवेल. ती म्हणली, "पाठव बाई. अन् मग जेवून घे, सकाळपासून पोटात काही न्हाई तुझ्या." अर्पितानं पाठवून दिलं. मी तिच्या बाजूला बसलो होतो अन् मला तिचा हात धरावा वाटला नाही, असं नाही. पण धरला नाही, ह्याचं मला आजही बरं वाटतं.

रात्रीच्या गाडीनं ती गेली, अन् सोमवारी दुपारी तिचा तिकडून फोन आला. आवाज शांत होता. साहेबांना पद्धत पसंत पडली, महिनाभर करून बघायचं ठरलं. ड्रायवरांवर काहीच नाही, सगळे नंबर वगळले. अन् तिची बढती वर्षभर पुढं ढकलली, सोबत एक लेखी समज.

"लेखी म्हणजे फायलीला लागणार," मी म्हणलं.

"लागणार. जन्मभर."

मी नाक ओढलं. ती म्हणली, "अप्पा, रडायलात काय?"

"हाव," मी म्हणलं. खोटं कशाला बोलू? रडत होतो, अन् वाईट वाटून नाही. बत्तीस वर्षांत जे माझ्याच्यानं एकदा झालं नाही, ते माझ्या लेकीनं एका रविवारी करून टाकलं होतं.

सितारामकडं मी अजून गेलेलो नाही. दोनदा त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलो. शिवकन्या रोज विचारते, "आज जायलात का?" जाणार आहे. आता न जाऊन भागणार नाही.

पौष सरता सरता एक दिवस, दुपारी बाराच्या सुमाराला, धम्मशीलाचा फोन आला. मला वाटलं काहीतरी झालं, ड्यूटीच्या वेळेला ही पोरगी कधी फोन करत नाही. मागं गाडीचे दरवाजे मिटल्याचा आवाज आला, मग गाडी निघाल्याचा. तो आवाज मला झोपेतही कळतो. मी ताडकन उठून उभा राहिलो. म्हणलं, "शीला, कुठं हायेस? गाडी निघाली की तुझी!"

"निघाली काका," ती म्हणली. तिच्या तोंडात घास होता. "माझी गाडी गेली अन् मी बाकावर बसून डबा खायले. आज पक्की झाल्याचं पत्र मिळालं. म्हणलं सगळ्यात आधी तुमाला सांगावं. अजून सात मिनिटं हायेत माझ्याजवळ."

मी खाली बसलो. मग म्हणलं, "बस पोरी. निवांत बस. सावकाश जेव."